पण अजून नाही

जॉन्टी थेक्स्टन बोलायला लागला की माणसं हातातला चहा तसाच थंड होऊ द्यायची. शर्यतीच्या शनिवारी मैदानाच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असे. तिच्यावर जॉन्टी, गळ्यात दुर्बीण, हातात माईक, आणि समोर डोंगर. बडीशेपेच्या तेलात भिजवलेलं फडकं कुणीतरी सकाळीच त्या डोंगरावरून ओढत नेलेलं असायचं, आणि आता त्या वासामागे कुत्री सुटलेली असायची. खाली उभ्या मालकांना ती धड दिसतही नसत. जॉन्टीला दिसत.

"आणि आता ओढ्यापाशी आलीत, पण अजून पाण्यात नाहीत, आणि मग, थांबा जरा, ग्लेनिसची काळी पुढे, तरीही टायसनचा कुत्रा तिला सोडत नाही, म्हणजे अजून तरी सोडत नाही..."

त्याचं वाक्य असं डोंगर चढायचं आणि उतरायचं, आणि माणसं त्याच्यामागे पळायची. त्याचा धंदा कुंपणं रचण्याचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड. दोन बाजूंना मोठे दगड लावायचे आणि मधल्या पोटात बारीक चिपा ठासून भरायच्या. येणारेजाणारे मोठ्या दगडांची तारीफ करत. हिवाळ्यात कुंपण उभं राहतं ते मात्र चिपांमुळे, हे जॉन्टीच्या बोटांना ठाऊक होतं.

गेल्या थंडीत मेंढ्यांच्या कोंडवाड्यापाशी पडलेलं कुंपण उचलताना त्याच्या हातातला दगड निसटला, आणि पाठोपाठ तोही कोसळला. मेंदूला झटका आला होता. इस्पितळातून घरी आला तेव्हा पाय चालत होते. उजव्या हातात हळूहळू ताकद परत येत होती. बोलणंही आलं, पण नुसते मोठे दगड. चहा. दार. मेव्हिस. कुत्रा. डोक्यात सगळं शाबूत होतं, वाक्य अख्खं तयार असायचं, आणि ओठांपर्यंत येताना त्यातल्या चिपा गळून जायच्या. दोन शब्दांमध्ये नुसतं भगदाड, त्यातून वारा.

बायको मेव्हिस त्याच्यासमोर पाव आणि लोणी ठेवत म्हणाली होती, "इतकी वर्षं मी म्हणत होते, तोंडाला जरा विश्रांती दे. देवानं ऐकलं रे, पण जरा जास्तच ऐकलं."

तो हसला होता. हसू पुरतं शाबूत होतं.

वसंतात शर्यत मंडळाचा अध्यक्ष आयझॅक टायसन घरी आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तेव्हाच जॉन्टीने ओळखलं.

"गड्या, यंदा मंडळातला लिओनार्ड माईक घेईल," आयझॅक म्हणाला. "तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवू. उन्हातली."

ती खुर्ची जॉन्टीला डोळ्यांसमोर दिसली. गुडघ्यांवर घोंगडी, शेजारून जाणारे खांद्यावर थोपटतायत. दगडाखाली हात सापडावा तसं त्याला झालं.

"पिल्लं," तो म्हणाला. आणि मग पुष्कळ झटापट करून, "माईक."

"पिल्लांची शर्यत तुला हवीय?" आयझॅकने मेव्हिसकडे पाहिलं. मेव्हिस त्याच्याकडे न बघता भांडी पुसत राहिली. "बरं. जुलैच्या जत्रेत पिल्लांची शर्यत तुझी. पण जॉन्टी, शेवटच्या कुंपणाचं तुला सांगायला नको. तिथे गडबड झाली तर माईक कायमचा लिओनार्डकडे."

ते खरंच सांगायला नको होतं. शेवटच्या कुंपणावरून उडी मारून कुत्री मैदानात उतरत नाहीत तोवर मालकांनी हाक मारायची नाही, वाडगं वाजवायचं नाही. लवकर वाजलं तर कुत्रं वास सोडून आडवं धावतं आणि बाद होतं. वर्षभराची मेहनत एका वाडग्यापायी मातीत. म्हणून सगळे मालक खाण्याची वाडगी छातीशी धरून जॉन्टीच्या दोन शब्दांची वाट बघायचे. 'आणि आता.' त्या दोन शब्दांवर अख्खं मैदान फुटायचं.

इस्पितळातल्या बाई म्हणाल्या होत्या की नुसतं बोलून न येणारे शब्द कधीकधी ठेक्यावर येतात. मेव्हिसने फडताळातून त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं पत्र्याचं वाडगं काढलं आणि त्यावर वाढायचा डाव हाणला.

"पण. अजून. नाही." टण, टण, टण. "म्हण."

शेजारच्या कुत्र्यांनी भुंकून कहर केला. जॉन्टीच्या कपाळावर घाम आला. कितीतरी दिवस काही नाही. एका सकाळी डाव आपटला आणि त्याच्या तोंडातून निघालं, "पण."

मेव्हिसने डाव खाली ठेवला. "वाटलंच. सगळ्यात आधी 'पण'च येणार. लग्नाच्या दिवसापासून तेच ऐकतेय."

मग जॉन्टीच्या लक्षात एक गोष्ट आली. हे शब्द एकेकटे यायला घाबरत. 'पण' उंबऱ्यावर येऊन उभा राही आणि मागे फिरे. 'अजून'ने त्याचा हात धरला की दोघे आत येत. 'आणि'च्या पाठीला 'मग' लागला की धावतच. 'तरी' रुसलेला, 'सुद्धा' आला की बोलायचा. अशा जोड्या घेऊन तो परसात हिंडू लागला, खिशात चिपा भराव्यात तसा. त्याला झोपायलाही नको वाटे. उद्या कोण येतंय, या उत्सुकतेने तो पहाटेच उठून बसे.

जुलैच्या जत्रेत दुपारी धुकं उतरलं.

पिल्लं सुटली आणि दिसेनाशी झाली. ट्रॉलीवर जॉन्टीच्या हातात माईक, समोर पांढरं धुकं, बाकी काहीच नाही. मेव्हिस पुढ्यातच उभी होती, कोटाखाली वाडगं आणि डाव लपवून. त्याने दुर्बीण सोडून दिली आणि लांबून येणाऱ्या एकेका भुंकण्याला कान लावले.

"ओढा," तो म्हणाला. "आणि मग... कोंडवाडा. लाल पुढे. पण मागे, मागे, एम्बर."

एम्बर म्हणजे ग्लेनिस फ्लेमिंगची पहिलीच शर्यत धावणारी कुत्री. ग्लेनिसने नाव ऐकलं आणि वाडगं छातीशी घट्ट धरलं. माणसं पुढे सरकली. तुटक होतं, पण वाक्य चालत होतं.

तेवढ्यात भुंकणं आलं. एकदम जवळ, कुंपणाच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतकं. मालकांच्या रांगेत खळबळ उडाली. कुणीतरी शीळ घालायला बोटं तोंडात घातली. ग्लेनिसने वाडगं डोक्यावर उचललं.

जॉन्टी त्याच कोंडवाड्यापाशी पडला होता. धुक्यात तिथला आवाज कसा घरंगळत खाली येतो आणि जवळचा वाटतो हे त्याने आयुष्यभर ऐकलं होतं. पिल्लं अजून तिथेच होती, लांब. हे त्याला माहीत होतं आणि ते सांगणारे शब्द आले नव्हते. तोंड उघडं, आत भगदाड. बाजूला आयझॅकचा हात माईककडे निघाला.

मेव्हिसने कोटाखालून वाडगं काढलं, डाव उगारला. आणि हात हवेतच थांबला. घरात ज्या आवाजाने शब्द येत, तोच आवाज इथे घुमला तर सगळी पिल्लं आडवी धावतील. ती आणि जॉन्टी, दोघांनाही ते एकाच क्षणी कळलं.

तिने वाडगं गवतात टाकलं आणि रिकाम्या हवेवर डाव हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज नाही.

"पण अजून नाही," जॉन्टी म्हणाला.

ग्लेनिसचं वाडगं डोक्यावरच थिजलं. शीळ घालणाऱ्याची बोटं खाली आली.

"पण अजून नाही. लाल... आणि एम्बर. आणि तरीसुद्धा लाल. पण अजूनही नाही." आता त्याला डावाची गरज नव्हती. शब्द एकमेकांना धरून येत होते, आणि रांगेतली माणसं पायाच्या चवड्यांवर उभी राहिली होती. "अजून नाही, आणि... आणि..."

धुक्यातून कुंपणावर एक ओलं डोकं उगवलं. पाठोपाठ दुसरं.

"आणि आता."

मैदान फुटलं. वाडगी, शिळा, हाका, म्हाताऱ्यांच्या आरोळ्या. लाल पिल्लू नाकभर पुढे, एम्बर त्याच्या बरगडीला चिकटून, आणि तशीच ती रेषेपार गेली. ग्लेनिस गुडघ्यांवर बसून एम्बरला खाऊ घालत होती आणि जॉन्टीकडे बघून ओरडली, "हरले मी, म्हाताऱ्या. पण बाद नाही होऊ दिलंस."

आयझॅक ट्रॉलीशी आला. लिओनार्ड त्याच्या मागे हात खिशात घालून उभा होता आणि त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता.

"मोठ्या कुत्र्यांची शर्यत आता सोडायची आहे," आयझॅक खाली बघत म्हणाला. "तुझाच माईक. चल, सुरू कर."

"पण," जॉन्टी म्हणाला, आणि थांबला.

आयझॅकने वर पाहिलं. "पण काय?"

"पण आधी चहा."

लोक हसले. मेव्हिस गवतातलं वाडगं उचलायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. 'पण' आणि 'आधी', ही जोडी त्यांनी घरी कधीच म्हटली नव्हती.