मागाशिवायचं गाणं

माझे वडील निंगप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या यंत्रमागांवर कामाला होते. मालकाच्या मुलानं एकदा कारखान्यात एक सीडी आणली. अमेरिकेतल्या कुठल्याशा रेडिओच्या डीजेनं निवडलेली हिपहॉप गाणी. अप्पांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, पण जीव जडला. पुढं कित्येक वर्षं मागांच्या खडखडाटात तीच सीडी वाजायची.

जुने माग भंगारात गेले, तेव्हा अप्पांनी मालकाकडं फक्त ती सीडी मागितली. घरी आणून लावली आणि गाणं संपायच्या आत चिडून बंद केली.

"ही ती न्हाय. मला येड्यात काढलं मालकानं."

"अप्पा, हीच आहे. वर तोच टोपीवाला डीजे बघा की."

"फोटू नको दाखवू मला. ह्यात ठेकाच न्हाय!"

मी वैतागले. ठेक्यानं तर मांडणीवरची भांडी थरथरत होती.

आईला मात्र बरोबर उमगलं. तिनं त्याच कारखान्यात मागांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या होत्या. ती उठली, परात पालथी घातली आणि लाटण्यानं बडवू लागली. खटक-फटक, खटक-फटक, अगदी मागाच्या चालीत. मला म्हणाली, "लाव आता."

अप्पांनी डोळे मिटले. मान डोलू लागली. "व्हय, हेच की गं!"

बऱ्याच वेळानं आईचा हात भरून आला, ती थांबली. गाणं चालूच होतं. अप्पा दचकून उठले.

"माग कुणी बंद केला?"