काडीपेटी त्याची, विड्या माझ्या

विडी सोडल्यावर सकाळी पोट साफ होत नाही, हे मला बीडच्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. त्यानं छातीचा फोटो उजेडात धरला, आत जाळं धरल्यासारखं काहीतरी दाखवलं आणि म्हणाला, "ओढायचीच असेल तर ओढा. पण मग माझ्याकडे येऊ नका." माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. मला भयंकर राग आला. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मध्ये थांबावं लागलं, कठड्याला धरून श्वास घ्यावा लागला, आणि मग रागवायलाही दम उरला नाही. एसटी स्टँडवर उरलेलं बंडल कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि दिंद्रुडकडच्या गाडीत बसलो. संक्रांत तोंडावर आली होती.

घरी मी एकटाच होतो. नातू झाल्यापासून बायको पुण्याला मुलाकडे राहते. मी कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त होऊन गावी आलो, वाट्याची शेती आणि एक म्हैस सांभाळतो. म्हैस विकून पुण्याला या, असं ती म्हणते. पण तिथं जाऊन मी करू काय? लिफ्टमधून खाली-वर? रोज तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"ओढली न्हाई ना?"

"न्हाई."

"लेकराची आण घ्या."

"लेकराला कशाला मधी आणती? न्हाई म्हनलं ना!"

ती मग नातवाला पडद्यासमोर धरायची. तो माझ्याकडे न बघता फोनच चाटायचा.

दिवाळीनंतर आमचं गाव तसंही अर्धं रिकामं असतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर गेलेल्या, दारांना कुलपं, पारावर आम्ही चार म्हातारे. त्यातले बाकीचे तिघंही ओढणारे, म्हणून मी पारावर जाणं बंद केलं. बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, फुटाण्यानं खिसे भरले. निकोटीनचं च्युइंग गमही आणलं, ते चघळताना म्हैस माझ्याकडे आपुलकीनं बघायची. हात मात्र ऐकायचा नाही. चहाची कपबशी खाली ठेवली की तो आपला आपण खिशाकडे जायचा आणि फुटाणे घेऊन हिरमुसून परत यायचा. चिडचिड इतकी, की एकदा मी रेडिओवर ओरडलो. घरात ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

मग हळूहळू वास यायला लागले. डॉक्टर म्हणाला होता, नाक उघडेल, बरं वाटेल. नाक उघडलं. शेणाचा वास आला, कडब्याचा आला. आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तर तिथं कसलाच वास नव्हता. फोडणीचा नाही, भाकरीचा नाही. विडीच्या धुरात इतके दिवस ते कळलंच नव्हतं. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं.

पण हेही सगळं मी सोसलं असतं. अवघड होतं ते बांधावरचं.

माझ्या आणि थोरल्या भावाच्या शेतांमध्ये एक बांध आहे. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द लागला आणि आमचं बोलणं बंद झालं. लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी मान वळवायची, इतकं बंद. पुढं वहिनी वारल्या. त्यांच्या मातीला मी गेलो, पण तेव्हाही बोललो नाही. नंतर दादा शेतातल्या आखाड्यावरच, म्हणजे गोठ्याजवळच्या खोपीत, राहायला लागला, शेळ्या घेऊन.

असंच एकदा संध्याकाळी मी बांधावर विडी तोंडात धरून खिसे चाचपत होतो. काडीपेटी घरी राहिली होती. दादा पलीकडे शेळ्या वळवत होता. त्यानं पाहिलं, काही न बोलता जवळ आला आणि बांधावरच्या दगडावर आपली काडीपेटी ठेवली. मी विडी पेटवली. नुसती पेटी परत ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिच्यावर एक विडी ठेवली. त्यानं ती ओढली. दुसऱ्या दिवशी मी काडीपेटी मुद्दाम घरी ठेवली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्यानं विड्या आणल्या नव्हत्या.

तेव्हापासून तेच. काडीपेटी त्याची, विड्या माझ्या. सूर्य मावळायच्या वेळी तो त्याच्या बाजूला उकिडवा बसायचा, मी माझ्या. धूर दोघांचा एकच व्हायचा. बोलणं शून्य. गाव म्हणायचं, या भावांतून विस्तव जात नाही. आम्ही रोज तेवढंच तर करत होतो, पण गावाला सांगणार कोण?

विडी सोडल्यावर पहिले काही दिवस मी शेताकडे फिरकलोच नाही. मग गेलो. दादा आला, काडीपेटी दगडावर ठेवली आणि बसला. मी खिशात हात घातला, हातात फुटाणे आले. फुटाणे काय देणार? तो वाट बघत राहिला. मला सांगायचं होतं, दादा, डॉक्टरनं बंद करायला लावलीय. एवढं एक वाक्य. पण इतक्या वर्षांनी पहिला शब्द माझ्याकडून निघेना. कुणाकडून निरोप धाडावा, तर आमचं भांडण पुन्हा पारावर चघळायला जाणार. अंधारायला लागलं तसा त्यानं काडीपेटी उचलली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मला शहाणपण सुचलं. आपण ओढायची नाही, पण त्याला तर देता येईल. बंडल घरात ठेवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पानटपरीवरून एकच विडी घेतली. कागदात गुंडाळून, हात लांब धरून शेतापर्यंत नेली. दादा यायच्या आत ती दगडावर ठेवली आणि चार पावलं मागं सरून हात बांधून उभा राहिलो.

तो आला. त्यानं विडीकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. मी काय करून बसलो ते मला तेव्हा दिसलं. आमच्या वडिलांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, भटजी कंटाळले, कुणाकुणाचे शब्द देऊन झाले. शेवटी दादानं एक विडी काढून पिंडाशेजारी ठेवली आणि आम्ही दोघं मागं सरून हात बांधून उभे राहिलो. तेव्हा कुठं कावळा आला. आणि आज मी जित्या भावासमोर तसाच उभा होतो.

त्यानं विडीला हात लावला नाही. मागं वळला आणि शेळ्या हाकत निघून गेला. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि खोकलोच.

पुढं तो बांधावर आला नाही. मी रोज जात होतो. ज्वारी काढून झाली, रान मोकळं झालं, आखाडा इथून स्पष्ट दिसायला लागला, पण तो तिकडून हलायचा नाही. मग बाजाराच्या दिवशी दिंद्रुडला तो मला दिसला. टपरीवर उभा राहून स्वतःसाठी विडीचं बंडल घेत होता. साधीच गोष्ट, पण मला ती फार लागली. माझी त्याला गरज पडत होती ती एवढ्यापुरतीच, आणि आता तीही संपली होती.

तो गेल्यावर मी त्याच टपरीवर गेलो आणि बंडल घेतलं. सरळ सांगतो, ओढायलाच घेतलं. छाती काय, कधीतरी बंद पडणारच आहे, भाऊ तरी परत मिळेल, असा हिशेब होता. संध्याकाळी बांधावर जाऊन बसलो. विडी बोटांत धरली. तो येईल, काडी देईल. बराच वेळ बसलो. कुणी आलं नाही.

मग उठलो, बांध ओलांडला आणि आखाड्यावर गेलो. वाटण्या झाल्यापासून मी त्या जमिनीत पाय ठेवला नव्हता. दादा बाजेवर बसून विडी ओढत होता. मला बघून तो उठला नाही, पण थोडा सरकला. मी बसलो. त्याच्या हातातल्या विडीचा वास थेट माझ्या नाकात शिरला.

"दादा," मी म्हणालो, "म्या विडी सोडली. छातीचं दुखणं निघालं."

तो समोर शेळ्यांकडे बघत राहिला.

"कवाधरनं?"

"संक्रांतीपासून."

"मंग कावून सांगितलं न्हाईस बे?"

आवाज म्हातारा झाला होता त्याचा. मी तो इतक्या जवळून किती वर्षांनी ऐकत होतो. मला रडू फुटलं. मी खिशातलं बंडल काढून बाजेवर ठेवलं. त्यानं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उचलून आपल्या खिशात टाकलं. मग उठला.

"तू हितंच बस," तो म्हणाला. "धूर येतोय तुला."

आणि पेटलेली विडी घेऊन तो शेळ्यांच्या पार पलीकडे, कुंपणापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. बांधावर आमच्यात एका दगडाचं अंतर असायचं. आता बोलणारा भाऊ तिथं लांब उभा होता आणि मी इथं बाजेवर एकटा. डॉक्टरकडून आलो त्या दिवशीही आली नव्हती एवढी तलफ मला तेव्हा आली. दोन्ही हात मांडीखाली दाबून मी त्याची विडी संपायची वाट बघत बसलो.