करंजाड्यातले अकरा जोड

बाबासो शेडगे लग्नाला गेला की आधी वधूवरांकडे जात नाही, आचाऱ्याकडे जातो. शेगडीची नळी दाबून बघतो, रेग्युलेटर डावीउजवीकडे हलवतो, वाकून वास घेतो आणि मगच अक्षता हातात घेतो. आचारी त्याला मुलीकडचा समजून वचकतात, मुलीकडचे त्याला आचाऱ्याचा माणूस समजतात, आणि त्याची बायको उज्वला आपण याला ओळखतच नाही अशा चेहऱ्याने दुसऱ्या पंगतीला जाऊन बसते.

वडील पाटण तालुक्यातून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून आले. बाबासो कोपरखैरण्याला वाढला. पोराने पाठीवर गोण घ्यायची नाही, एवढीच वडलांची अट. ती त्याने पाळली. आयटीआय केलं, नळकाम केलं आणि गेली चौदा वर्षं तो घरोघर पाइपाने गॅस पोचवायच्या कामावर आहे. गॅस कंपनी काम देते जासईच्या मिथुन घरतला, मिथुनशेठ देतो बाबासोला, बाबासो देतो रूपेश नावाच्या फिटरला. काम असं वरून खाली येतं. काळजी मात्र बाबासो खाली जाऊ देत नाही, सगळी स्वतःकडे ठेवून घेतो.

यंदा नैसर्गिक वायूवाल्यांचं वार्षिक अधिवेशन वाशीला भरलं. गॅस कंपनीने कंत्राटदारांना पास वाटले. मिथुनने आपला पास बाबासोच्या खिशात कोंबला.

"यंदा तू जा."

"मी? शेठ, तिथं समदी इंग्लिश बोलत्यात."

"मग? तू कं भाषन कराला चाललास? हिंडायचं, पिशव्या मिलतात त्या घ्यायच्या, जेवाला बसायचं. गेल्या साली मी गेलतू. पनीर तीन तऱ्हेचा होता."

"पन त्याच दिवशी करंजाड्यात गॅस सोडायचा हाय."

"म्हनून तर तुला पाठवतंय! तू तिथं उभा राहिलास का सगल्यांना वाटतं, आता काय तरी फुटतंय. पूजा हाय, पाहुनं हायत. तुझा चेहरा नको तिथं."

मिथुन बाबासोपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पण त्याच्या बोलीत बापालाही 'तू'च म्हणतात, तेव्हा बाबासोने ते कधी मनावर घेतलं नाही.

चेहऱ्याचं मात्र खरं होतं. करंजाड्यातल्या त्या सोसायटीत रस्त्यापासून इमारतीपर्यंत पिवळा पाइप पुरला होता, त्यात अकरा जोड. जोड म्हणजे काय, तर दोन पाइपांची टोकं एका प्लास्टिकच्या नळकांड्यात घालायची. त्याला कपलर म्हणतात. कपलरच्या आत तारेचं वेटोळं असतं, त्याला वीज दिली की प्लास्टिक वितळून सगळं एकजीव होतं. चोवीस तास हवेचा दाब ठेवून चाचणी झाली होती, काटा तसूभर हलला नव्हता. कागदावर बाबासोची सही झाली होती. काळजीला जागाच नव्हती. पण बाबासोला काळजी करायला जागा लागत नाही, तो उभ्या उभ्या करतो.

अधिवेशनाला जाताना त्याने एक गोष्ट केली. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी फिटर नमुन्याचा एक जोड करून बघतो, असा नियम. तसला करंजाड्याचा एक जोड गाडीत पडला होता. तो त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला. कुणी विचारलंच, तुमचं काम काय, तर इंग्लिश जुळवत बसण्यापेक्षा जोडच पुढे धरावा.

"डबा न्यायचा सोडून पाइप कसला नेताय?" उज्वला म्हणाली.

"दाखवाय."

"दाखवा. नाही तरी तुमच्याजवळ दुसरं काय आहे दाखवण्यासारखं!"

सभागृहात इतका गारठा होता की वायूऐवजी बर्फाचं अधिवेशन वाटावं. पडद्यावर आलेख होते, सगळेच वर चढत होते. एक साहेब देशाच्या भविष्याबद्दल बोलले, दुसरे जगाच्या. बाबासोने वहीत तारीख लिहिली, तिच्याखाली रेघ मारली आणि रेघेखाली लिहायला काही सापडेना. शेजारचा गृहस्थ टाय सैल करून घोरत होता. साडेअकराला बाबासो हळूच उठून स्टॉल बघायला निघाला.

मोठ्या कंपन्यांचे स्टॉल दर्शनी भागात होते, तिथे कॉफी होती. अगदी टोकाला, शौचालयाच्या शेजारी, एक लहान स्टॉल होता. तिथे कॉफी नव्हती. एक टेबल, त्याला बसवलेला, वस्तू आवळून धरायचा व्हाइस, एक करवत, आणि पाटी: 'तुमचा जोड आणा, उकलून बघा.' मागे पंचविशीतली एक मुलगी कंटाळून उभी होती. छातीवर नाव, मंजुषा. पाटी मराठीत बघून बाबासोला माहेर भेटल्यासारखं झालं.

"हाय की जोड!" त्याने वर्तमानपत्र सोडलं.

मुलगी एकदम टवटवीत झाली. "काका, सकाळपासून तुम्ही पहिले. बाकीचे सगळे शौचालय कुठाय तेच विचारतात."

तिने जोड उभा चिरला. पट्ट्या केल्या. एक पट्टी व्हाइसमध्ये आवळली आणि पक्कडीने टोक ओढलं. बाबासो हात मागे बांधून, कौतुक ऐकायला तयार होऊन उभा होता. चांगला जोड असेल तर प्लास्टिक फाटतं, तुटतं, पण सुटत नाही. हा सुटला. उकडलेल्या शेंगेतून दाणा निघावा तसा पाइप कपलरमधून अलगद बाहेर आला. आतला पृष्ठभाग गुळगुळीत. पाइपावर कारखान्यात छापलेली अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती.

"खरवडला नव्हता का काका?"

"पॉलिश पेपर मारलावता."

"स्क्रेपर नव्हता?"

"होता. पातं मोडलं. नवीन येईस्तवर…" तो थांबला. कारण ते वाक्य रूपेशचं नव्हतं, त्याचं स्वतःचंच होतं. रूपेश विचारायला आला होता, मामा, पातं मोडलं, काम थांबवू का? आणि बाबासो म्हणाला होता, थांबवतोस कशाला, पॉलिश पेपर मार, चाचणी तर होतीयाच.

"पेपरने वरचा मळ निघतो, साल निघत नाही," मंजुषा म्हणाली. "पाइप उन्हात पडून वरची साल मेलेली असते. ती खरवडून काढली नाही तर वितळून चिकटल्यासारखं दिसतं, पण एकजीव होत नाही."

"पन चोवीस तासात काटा हलला न्हाई, ताई."

"आज नाही हलणार. सहा महिन्यांनी हलेल. वरून पाण्याचा टँकर गेला, जमीन थोडी बसली, की…" तिने पक्कड खाली ठेवली. "हा नमुनाच आहे ना काका? जमिनीत नाही ना असले?"

बाबासोने घड्याळात बघितलं. सव्वाबारा. चार वाजता गॅस सोडणार होते. अठ्ठेचाळीस घरं.

समोर जेवणाच्या रांगा लागल्या होत्या, पनीरचा वास येत होता. बाबासो खांबाआड उभा राहून मिथुनला फोन लावत राहिला. उचलला नाही. मग रूपेशला लावला.

"मामा, मोठ्यानं बोला, हितं बँजो लागलाय!"

"शेठ कुठायत?"

"शेठ फेटा बांधून घेत्यात."

"रूपेश, पातं कवा मोडलं? करंजाड्याचं किती जोड पेपरनं केलं?"

"आता कसं आठवंल मामा? काय आधी झालं हुतं, काय नंतर."

"गॅस सोडू देऊ नको."

"मी? मी कोन सांगनारा? फेटंवाल्यानं मला फेटाबी बांधला न्हाई!"

आता उरले गॅस कंपनीचे इंजिनिअर दिलीपसाहेब. त्यांना फोन करायचा म्हणजे कंत्राटदाराला ओलांडून थेट वर जायचं. या धंद्यात असं करणारा माणूस दुसऱ्या दिवशी धंद्यात नसतो. मिथुनच्या कामांवर बंदी आली तर बाबासोची नोकरी तर जाणारच, सोबत रूपेशसकट नऊ जणांचं काम जाणार. बाबासोने फोन खिशात घातला. बाहेर काढला. परत घातला. शेजारी टायवाले गृहस्थ झोपेतून उठून गुलाबजाम खात होते, ते म्हणाले, "घ्या ना, गरम आहेत." बाबासोने फोन लावला.

"साहेब, करंजाड्याच्या कागदावरची माझी सही मी मागं घेतो."

"सही मागे घेता? बाबासो, ती काय लग्नातली साडी आहे का, आवडली नाही म्हणून परत करायला?"

पण बाबासोने सगळं सांगितलं, पेपरचं, पात्याचं, आणि आपल्या तोंडच्या हुकमाचंही. पलीकडे बँजो वाजत होता, तो साहेबांनी आधी बंद करायला लावला. मग दिलीपसाहेब म्हणाले, "थांबवतो."

वीस मिनिटांनी मिथुनचा फोन आला. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळं ऐकू येत होतं.

"तुला जेवाला पाठवला होता! जेवाला! जेवन सोडून तू माझ्या पोटावर पाय देतंस? पाहुन्यांसमोर फेटा घालून उभा हाय मी इथं, नवरदेवासारखा! नारल फोडून झाला!"

"शेठ, जोड सुटला. माझ्या डोळ्यांदेखत."

"उद्या खनायचं. आनि जोड चांगलं निघालं ना, तर तू परत मना तोंड दाखवू नको."

सकाळी रस्त्यावरचे नवे कोरे पेव्हर ब्लॉक उचकटले गेले. गॅसच्या पाइपाजवळ यंत्र लावत नाहीत, पोरं हाताने खणत होती. सोसायटीच्या सेक्रेटरी जयमालाताई कंबरेवर हात ठेवून काठावर उभ्या होत्या.

"प्रसाद वाटून झालाय माझा! बायकांनी गॅसच्या टाक्या परत करायला काढल्यात. आता मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, सुपरवायझरला सपान पडलंय," मिथुन म्हणाला.

दिलीपसाहेबांनी सोपा नियम घातला होता. फाटकाकडून तीन जोड कापायचे. तिन्ही चांगले निघाले तर तिथे नवे जोड घालून दुपारी गॅस सोडायचा. 

पहिला जोड कापला, पट्टी ओढली. प्लास्टिक फाटलं, ताणलं, तुटलं. सुटलं नाही. दुसरा कापला. नाही सुटला. बाबासोच्या कानशिलावरून घाम ओघळला. आणि तिसऱ्या जोडावर करवत चालत असताना त्याच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात म्हणतोय, सूट, बाबा, सूट. चौदा वर्षं एकही जोड सुटू नये म्हणून ज्याने झोप घालवली, तो माणूस भर रस्त्यात जोड सुटावा म्हणून देव पाण्यात घालून उभा होता. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

तिसराही सुटला नाही.

मिथुनने टाळी वाजवली. "झालं? पोटभर झालं?" दिलीपसाहेबांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून पेनाचं टोपण काढलं. जयमालाताई वर बघून कुणाला तरी ओरडल्या, "गॅस सुटणार गं दुपारी!"

"साहेब, अजून एक," बाबासो म्हणाला.

"आता एक पन नाय," मिथुन म्हणाला. "तुझी सही तू मागं घेतलीस ना? मग आता तू कोन? जा घरी."

बाबासो घरी गेला नाही. तो खड्ड्यात उतरला, रूपेशच्या हातातली करवत घेतली आणि पुढच्या जोडापर्यंतची माती हाताने उकरू लागला. मिथुन वरून शिव्या देत होता, त्या त्याच्या पाठीवर पडत होत्या. दिलीपसाहेबांनी हात वर करून मिथुनला गप्प केलं. करवत चालली. पट्टी निघाली. बाबासोने पक्कड लावली आणि टोक ओढलं.

पाइप अलगद बाहेर आला. आतली अक्षरं वाचता येत होती.

रूपेश खड्ड्यात डोकावून हळूच म्हणाला, "हितं मोडलं वाटतं पातं."

दिलीपसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हे तुम्हाला अधिवेशनात कळलं? कुठल्या सत्रात?"

"सत्रात न्हाई साहेब. शौचालयाच्या शेजारच्या स्टॉलवर."

मिथुन खड्ड्याच्या काठावर मातीतच बसला. "बाकीचं सात पन काप," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नवीन जोड घाला. पातं आनवतंय मी." एवढ्यावर भागलं, असं त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत होतं. जयमालाताईही एव्हाना खाली बसल्या होत्या आणि कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अठ्ठेचाळीस घरं, बाई. अठ्ठेचाळीस."

बाबासोला मात्र खड्ड्यातून वर येववेना. कालपासून एक विचार त्याने उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवला होता. तीन जोड चांगले निघाले तेव्हा तो निघून गेला असंही वाटलं होतं. चौथा सुटला आणि तो घरात शिरला. पातं इथे मोडलं, चौथ्या जोडाला. आणि नवीन पातं अजून आलेलं नाही. म्हणजे त्यानंतर जिथे जिथे पाइप पुरला, तिथे पेपरच मारला.

"शेठ," तो म्हणाला. "यानंतर आपन उलव्याचं काम केलं. एक बिल्डिंग."

मिथुनने वर बघितलं. "तिथं गॅस सुटला का नाय अजून?"

"सुटलाय. तिथं पूजा-मुहूर्त न्हवता. तीन आठवडं झालं."

दिलीपसाहेबांनी तोवर फोन कानाला लावला होता आणि उलव्याचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगत होते. साडेअकरा वाजले होते. घरोघर कुकर चढायची वेळ. बाबासोने खड्ड्याच्या काठावर हात टेकला, आणि मिथुनने त्याला वर ओढून घेतलं आणि गाडीची किल्ली काढली.