आत्याने शिवलेला अंगरखा

फ्रिज दुरुस्त करता करता काका कॉम्प्युटरकडे वळले, पण सवय जुनीच राहिली. यंत्र दुकानात आणू नका म्हणत, ते राहतं तिथे मला न्या. लोक हसत, "निघाले काका पाहुणचाराला!"

त्या दुपारी शेजारच्या मुलीने त्यांना ओढतच घरी नेलं. चार वाजता तिचा ऑनलाइन सामना होता आणि खेळ रंगात आला की कॉम्प्युटर फटकन बंद पडे. आज मध्येच बंद पडला तर संघातून तिला काढणार होते. दोन दुकानांत मात्र तो दिवसभर नीट चालला होता.

"बाहेर शहाणा, घरी हट्टी. आमच्या थोरल्यासारखाच," तिची आत्या म्हणाली.

"खेळ, बघू जरा," असं मुलीला म्हणत काका कॉम्प्युटरचा डबा न्याहाळत बसले. डब्याला जाड कापडाचा अंगरखा होता, काठाला झालर आणि पुढे बटणापुरतं भोक.

"हा कुणी शिवला?"

"मीच! धूळ बसते ना. दुकानात नेताना काढून ठेवते, मळतो."

काकांनी मागून हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. "अहो ताई, खेळताना हा तापतो, आणि तुम्ही त्याला रजईत गुंडाळलंय! गरम हवा जाणार कुठून?"

आत्याने अंगरखा उतरवला. सामना सुरू झाला तरी काका घरी जाईनात, मागच्या जाळीशी हात धरून बसले. पाऊण तासाने पोरगी ओरडली, "हरले!"

आत्याचा चेहरा पडला.

"अगं आत्या, शेवटपर्यंत खेळून हरले! संघात आहे मी!"