आक्काने आवरलेला डॅशबोर्ड

मी वडवणीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या खोलीकडे बघतात. खोलीत एक टेबल, एक इन्व्हर्टर, दोन लॅपटॉप आणि आईनं कोपऱ्यात वाळत घातलेल्या भुईमुगाच्या शेंगा. एवढ्यात कसली कंपनी चालते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मी समजावत बसत नाही. समजावणं माझ्या स्वभावातच नाही, आणि त्या एका खोडीपायी मागच्या दिवाळीनंतर माझ्या बहिणीचं वर्ष वाया जायची वेळ आली होती.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणतो. धारूरच्या घाटाखालच्या एका गावात दिलेली, बारावी शिकलेली, गणितात माझ्यापेक्षा हुशार, आणि लग्न झाल्यापासून दरवर्षी दाजींबरोबर ऊस तोडायला जाणारी. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, त्यात माणसं, बैल, भांडी सगळं चढतं आणि सहा महिने घराला कुलूप लागतं. तेवढे महिने आक्काची लेक आमच्याकडे राहून शाळेत जाते. यंदा ती दहावीला होती. यंदा तरी लेकीजवळ राहायचं, असं आक्कानं पोळ्यापासून मनात धरलं होतं. पण घरी बसायचं तर हाताला काम पाहिजे होतं.

ते काम मी शोधलं, हे श्रेय मात्र मी घेणार. आमची कंपनी जनावरांच्या लसीकरणाची नोंद ठेवणारं ॲप करत होती. ते वापरून त्यातल्या चुका शोधणारं माणूस हवं होतं. मी आमच्या टीमच्या मॅडमना म्हणालो, माझ्या बहिणीला एकदा बघा. त्या म्हणाल्या, महिनाभर काम करू द्या, मग स्क्रीनवर बघून ठरवू.

आक्का रोज सकाळच्या एसटीनं येऊन माझ्या जुन्या लॅपटॉपवर बसायला लागली. ॲप त्याच लॅपटॉपवर डब्यांमध्ये चालायचं. कंटेनर म्हणतात त्यांना, मी तिला डबे म्हणून सांगितलं. एका डब्यात ॲप, दुसऱ्यात माहितीचा साठा सांभाळणारा प्रोग्रॅम, तिसऱ्यात मेसेज पाठवणारा. मी स्वतः हे डबे काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून हाकतो आणि त्याचा मला उगाच ताठा आहे. आक्कासाठी मी ब्राउझरमध्ये उघडणारा डॅशबोर्ड बसवून दिला. त्यावर सगळ्या डब्यांची यादी, चालू डब्यापुढे हिरवा ठिपका, बंद असला की करडा, आणि वर चालू करायची, थांबवायची, काढून टाकायची बटणं. बटणं दाबणाऱ्यांचं काम, असं मी मनात म्हणालो होतो. मला आता त्याची लाज वाटते.

शिकवायला मी अर्धा तास दिला. "डबा अडला तर काढून टाक, एका बटणात नवा उभा राहतो," एवढं सांगितलं. डबे नवे उभे राहतात, पण त्यांचा माल वेगळ्या कोठीत असतो आणि ती कोठी परत मिळत नाही, हे सांगायचं राहिलं. त्या कोठीला व्हॉल्यूम म्हणतात आणि डॅशबोर्डवर तिचं वेगळं पान असतं. आक्कानं ते पान मला विचारलंही होतं. मी म्हणालो, "तुला त्याचं काय करायचं?"

महिनाभरात तिनं दोनशे चौदा जनावरं ॲपमध्ये भरली. बाकीचे लोक चाचणीसाठी गाय एक, गाय दोन असं काहीतरी भरतात. आक्कानं आपलं अख्खं गाव भरलं. कुणाची कुठली गाय, कुठला बैल, शिंगं कशी, वय किती, लस कधी टोचली. मी हसलो तर म्हणाली, "खोटी जनावरं मला ध्यानात ऱ्हात न्हाईत."

आणि त्या खऱ्या जनावरांमुळंच तिला मोठी चूक सापडली. ती शुक्रवारी अकराला मॅडमना दाखवायची होती. ट्रक रविवारी सकाळी येणार होता.

बुधवारी संध्याकाळी ती लवकर गावी गेली. गुरुवारी सकाळी ती यायच्या आत मी सहज तिचा लॅपटॉप उघडला. डॅशबोर्ड कोरा. एकही डबा नाही. कोठ्यांचं पान उघडलं, तेही कोरं. मी डबे नव्यानं उभे केले, ॲप उघडलं. जनावरं शून्य.

आक्का दारात चप्पल काढत होती, तेवढ्यात मी ओरडलो, "काय केलंस तू हे?"

"कावून वरडतूस? समदं आवरून ठिवलंय," ती म्हणाली. "उद्या मॅडम बघणार. पसारा कशाला दाखवायचा?"

मग हळूहळू उलगडलं. काम झालं म्हणून तिनं डबे थांबवले. करडे ठिपके दिसले म्हणून डबे काढून टाकले, कारण ते परत उभे राहतात हे मीच सांगितलं होतं. मग कोठ्यांच्या पानावर गेली, तर प्रत्येक कोठीपुढे लिहिलेलं, वापरात नाही. डबेच नाहीत म्हटल्यावर कोठ्या वापरात कशा असतील? तिनं सगळ्यांवर खूण केली आणि काढून टाकल्या. डॅशबोर्डनं इंग्रजीत विचारलं होतं, नक्की ना? तिनं हो म्हटलं.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं असं मला वाटत नाही. माझ्या पुण्याच्या मित्रांच्या लॅपटॉपवर दोन-दोन वर्षांचा कचरा पडलेला असतो. पण जी बाई दरवर्षी सहा महिन्यांसाठी घर बंद करते, ती वापरात नसलेलं काही मागं ठेवत नाही. कणग्या रिकाम्या करते, रांजण उपडे करते, भांडी घासून पालथी घालते. भरलेलं राहिलं तर उंदीर होतात, उघडं राहिलं तर विंचू बसतात. आक्कानं माझा लॅपटॉप तसाच बंद केला होता, अगदी मनापासून.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त चिडलो. "तुला साधं विचारता आलं नाही? महिना पाण्यात घातलास!" असं बोललो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून आत गेली. आक्का रडली नाही. तिनं विचारलं, "म्या तुला त्या पानाचं इचारलं व्हतं का न्हवतं?"

चूक माझी होती आणि ती दोघांनाही कळली होती. मी म्हणालो, मॅडमना फोन करून आठवडा मागतो.

"आठवडा कुठला? आयतवारी गाडी हाय," ती म्हणाली. "सरक. मला बसू दे."

ती बसली आणि गावाच्या वेशीपासून सुरू झाली. पहिलं घर, दावणीला दोन बैल, एक कालवड. दुसरं घर, तीन शेळ्या, एक म्हैस, तिचं डावं शिंग मोडकं. ती डोळे मिटून एकेक गल्ली चालत होती आणि भरत होती. लसीच्या तारखाही तिला पाठ, कारण पावसाळ्याच्या तोंडावर टोचणी झाली त्या दिवशी कुणाकडे काय होतं हे तिला आठवायचं. दुपारी लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरवर चाललं. मी चहा करून दिला, कारण दुसरं काही करण्याची माझी लायकी उरली नव्हती. चारच्या सुमारास ती थांबली. मी मोजलं. दोनशे तेरा.

"एक राहिलं," मी म्हणालो.

"न्हाई राहिलं. देवळामागची ती म्हातारी गाय सोमवारी मेली."

शुक्रवारी अकराला मॅडम स्क्रीनवर आल्या. आक्कानं पदर नीट केला आणि ॲप उघडून आपल्याच दारातला बैल दाखवला. मागच्या नोव्हेंबरात टोचणीवाले गावात आले, तेव्हा बैल दावणीला सापडला नाही, म्हणून ॲप त्याच्यापुढे लाल शेरा मारतं, जनावर बेपत्ता. मग ते यादीतून बाहेर पडतं आणि बैल परत आला तरी त्याला लस नाही. असे बैल तिनं एकामागोमाग चाळीस दाखवले.

"पण हे सगळे बैल जातात कुठे?" मॅडमनी विचारलं.

"कारखान्यावर, आमच्यासंगं," आक्का म्हणाली. "जनावर घरी न्हाई म्हंजी हरवलं न्हाई, मॅडम. कामाला गेलंय."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." आणि शेवटी, "सोमवारपासून या. सहा महिन्यांचं काम आहे, पुढचं पुढे बघू."

रविवारी मी मोटरसायकलवर, शाळेसाठी आधीच आमच्याकडे आलेल्या आक्काच्या लेकीला घेऊन तिच्या गावी गेलो. ट्रक उभा होता. दाजींनी शेजारच्या गावातल्या एका एकट्या माणसाबरोबर जोडी लावली होती, दोन अर्धे कोयते मिळून एक. मी म्हणालो, "दाजी, तुमची पंचाईत केली आम्ही." ते म्हणाले, "पोरीची धावी हाय. तिच्यापाशी कुणीतरी पायजे का न्हाई?" मग बैलांना चढवायला गेले. आक्का त्यांच्याकडे बघत नव्हती आणि ते तिच्याकडे. मला दोघांचंही वाईट वाटलं.

ट्रक गेल्यावर आम्ही घरात आलो. काम मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून तिनं गेल्या आठवड्यातच घर आवरून ठेवलं होतं. भिंतीच्या कडेनं सगळी भांडी पालथी. आक्कानं पदर खोचला आणि एकेक सुलटं करायला लागली. पातेली, परात, घागर, तांबे. लेकीनं घागर उचलली आणि पाण्याला गेली. मी उगाच मध्ये उभा राहून मदत करत होतो. फळीवरचं एक पितळी ताट राहिलं होतं, ते सुलटं करायला मी हात लावला.

"ते असू दे," आक्का म्हणाली. "ते त्यांचं हाय."