सावलीतले बिबडे

हल्ली नातवंडं मोबाईलवर अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि उत्तर झोंबणारं जमलं की मला वाचून दाखवतात. मी हसते. हसताना थोडं खुपतं, कारण हा उद्योग मी त्यांच्या आधी केलाय.

ऐंशीच्या दशकात जळगावच्या एका साप्ताहिकात मी बायकांच्या स्वयंपाकाच्या शंकांना उत्तरं देत असे. तिथल्याच मेहरूण भागात राहणारी, गृहशास्त्राची पदवीवाली, पस्तिशीतली बाई. अक्कल पदवीएवढीच, मिजास मात्र भलतीच. साधं उत्तर लिहायला मला कमीपणा वाटायचा. टोमणा जमला की संपादक म्हणायचे, "ताई, आज चौकात तुमचंच वाचन चाललंय!" झालं, मी आठवडाभर हवेत.

एकदा नरडाण्याकडच्या एका खेड्यातून पोस्टकार्ड आलं. 'घरातल्या घरात, उन्हाशिवाय बिबडे वाळवायचे असतील तर काय करावे?' आता बिबडे म्हणजे ज्वारीचा घाटा शिजवून, कापडावर थापून कडक उन्हात वाळवायचा पापडासारखा जिन्नस. खान्देशातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मी लिहिलं, 'सावलीत बिबडे वाळवणाऱ्या बाईंनी पुढच्या वेळी चुलीशिवाय घाटा शिजवावा आणि पाण्याशिवाय अंघोळ करावी.' नाव छापलं नाही, एवढी सभ्यता दाखवली. गावाचं नाव मात्र छापलं.

महिना-दीड महिन्याने त्याच गावच्या महिला मंडळाने मला केळ्याचा जॅम शिकवायला बोलावलं. एसटीतून उतरते तोच बायकांनी घेरलं.

"ताई, तू ते आम्हले हसाडी हसाडी मारं! ती सावलीवाली आमनाच गावनी शे!"

"कोण गं?" मी खुशीत विचारलं.

"त्या समोरना घरमा. तिना मानूस मरी गया ना, तवपासून कोपरामा बठेल शे."

त्या घराण्यात नवरा गेल्यावर बाईने वर्षभर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, अंगणातसुद्धा नाही, अशी रीत होती. आणि ही बाई गावातल्या घरोघरचे बिबडे करून द्यायची. त्यावरच तिचं आणि लेकीचं चालायचं. प्रश्न बिबड्यांचा नव्हताच. मी एका ओळीत 'बाई, उन्हात का नाही?' असं विचारलं असतं, तर 'शेजारणीला बिबडे थापलेली खाट अंगणात न्यायला सांगा' हे उत्तर मलाही सुचलं असतं. पदवी होती की!

मी तिच्या दारात गेले. ती उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर गडबडीने डोक्यावर पदर ओढला.

"ताई, मना सवालच चुकना व्हई," ती म्हणाली. माफी तीच मागत होती. मग हळूच म्हणाली, "पन आते कोनी बिबडा मांगत नही. म्हनतस, हिना बिबडा सावलीना शेतस."

तिने बिबडे सावलीत वाळवलेच नव्हते. विचारलं होतं फक्त. माझ्या छापील विनोदाने तिचं गिऱ्हाईक तोडलं होतं.

"मी आत्ता सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी होती," मी म्हटलं. तिने मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला बिचारीने.

चौकात सतरंजी पसरलेली, स्टोव्ह मांडलेला, साठ-सत्तर बायका जमलेल्या. तिचं दार तिथून वीस पावलांवर. मी उभी राहिले. "जॅमच्या आधी मला सावलीतल्या बिबड्यांबद्दल..." एवढंच म्हटलं, तर अख्खा चौक खदखदून हसला. पुढच्या रांगेतली म्हातारी गुडघ्यावर थापा मारत ओरडली, "ताई, ते अंघोळनं सांग ना!"

खरं सांगते. घशात आलेली माफी मी गिळली. इतक्या बायका माझ्यावर खूश होत्या, आणि ते मला सोडवेना. मी पदर खोचला आणि ती ओळ पुन्हा म्हणून दाखवली. हातवारे करून.

हशा ओसरल्यावर मी चोरून समोर पाहिलं. अंगणात यायची मुभा नसलेल्या त्या बाईने आतून दार लोटून घेतलं होतं.

मी केळी सोलायला घेतली.