मामाचा कान आणि मामीचं मीटर

माझा मामा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरतो आणि उरलेल्या वेळात लोकांची हवा काढतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण हवेचं मीटर त्याने जन्मात कधी हातात धरलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने मामीची धुण्याची मोगरी पळवली. त्या मोगरीने टायरवर एक ठोका घालायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "उपाशी आहे," नाहीतर "अजीर्ण झालंय." आणि मेला निकाल बरोबर निघायचा! शेतात जायचं असेल तर मागची चाकं जरा मऊ ठेवायची, म्हणजे टायर मातीवर पसरतो आणि त्याचे दात जमीन धरतात. भरलेली ट्रॉली रस्त्याने ओढायची असेल तर हवा वाढवायची. एवढंच, पण मामा असा आव आणायचा की टायर त्यानेच शोधून काढला.

रस्त्याने तापून आलेल्या टायरला तो हात लावत नसे. गरम टायरची हवा फुगलेली असते. "आधी गार होऊ दे त्याला, मग नाडी बघतो," म्हणायचा. तोवर ट्रॅक्टरवाल्याने सावलीत बसायचं, मामीचा चहा प्यायचा आणि वाल्वचं टोपण हरवल्याबद्दल मामाच्या शिव्या खायच्या. मीही ट्रॅक्टर चालवते. मला त्या शिव्या भाचीच्या हक्काने दुप्पट मिळतात.

मग मामाचे कान गेले. ते त्याला सोडून सगळ्यांना कळलं. टणक भरलेल्या टायरचा ठोकाही त्याला दबका वाटायचा. "अजून उपाशीच आहे," म्हणत तो आणखी हवा ठासायचा. असा ट्रॅक्टर शेतात नेला की चाकं जागच्या जागी गरगरायची आणि सीटवरच्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. टायर मधोमध झिजायचा ते वेगळंच. पण सांगणार कोण? मामाचा राग नाकावर. आणि गिऱ्हाईक तुटलं असतं तर मामाचं उरलं काय असतं? या दुकानाशिवाय त्याला काही म्हणजे काही येत नाही. घरात तर तो नुसता पायात येतो.

मामीने तोड काढली. स्टोव्ह उचलून दुकानाच्या फाटकापाशी नेला आणि हवा भरून झाल्यावर चहा द्यायला लागली. ट्रॅक्टरवाल्याच्या हातात कप दिला की, "अगं बाई, माझं कानातलं पडलं वाटतं," म्हणत मागच्या चाकाशी वाकायची. एका बाईचं कानातलं इतक्या वेळा पडलेलं मी कुठे पाहिलं नाही. गुपचूप आणलेलं मीटर लावायची, वाल्वची पिन दाबायची आणि फुस्सकन जास्तीची हवा सोडून द्यायची. तो आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. मामा मात्र कॉम्प्रेसरपाशी पाठ करून उभा. ट्रॅक्टरवाले चहात तोंड घालून गप्प बसायचे. शेतात चाकं नीट चालायची आणि नाव मामाचं व्हायचं.

"बघ, कान अजून कसा तिखट आहे," तो मला ऐकवायचा. मी कपाळाला हात लावायचे.

एकदा ट्यूबला ठिगळ लावताना तो म्हणाला, "तुझी मामी हल्ली मला जेवायला हाक मारत नाही गं. ताट वाढून नुसती बसून राहते. माझं काय चुकलं?"

मला हसूही येईना. मामीची हाक अशी, की शेजारपाजारचेही हात धुऊन यावेत.

"विचार की तिला!" मी ओरडले.

"मी का विचारू? मारायची तर तिने मारावी हाक," म्हणाला आणि ठिगळ घासत बसला. वाईट वाटलं मला.

शेवटी पकडली गेली ती माझ्याच ट्रॅक्टरपाशी. मामी चाकाशी वाकली होती, मी चहा पीत होते. मामा फडकं शोधायला वळला. वारा अजिबात नव्हता, पण मामीच्या कपाळावरची पांढरी बट नुसती फडफडत होती. ते बघून मामा जवळ आला. त्याने वाल्वसमोर तळहात धरला. हवा हाताला लागत होती. त्याने मान वाकवून कान जवळ नेला, आणखी जवळ नेला.

"काय चाललंय हे?"

मामी उभी राहिली. दोन्ही कानातली जागच्या जागी होती. त्याच्या कानाशी जाऊन ती म्हणाली, "तुम्ही जास्त भरलेली हवा काढतेय."

"कधीपासून?"

"हाका मारून माझा घसा बसला आणि तुम्ही वळूनसुद्धा बघेनात, तेव्हापासून."

आता मोगरी भिरकावतो की काय, असं मला वाटलं. पण तो जवळच्या जुन्या टायरवर मटकन बसला.

"म्हणजे तू हाक मारत होतीस?"

"रोज."

"मला वाटलं, सोडलंस."

"सोडायचंच असतं तर हे मीटर कशाला आणलं असतं?"

मामाचे डोळे भरून आले. लगेच तो माझ्यावर खेकसला, "तू काय बघत बसलीस? वाल्वचं टोपण कुठे घातलंस?"

मग त्याने मोगरी मामीच्या हातात कोंबली आणि मीटर काढून घेतलं. काटा बघताना अजून नाक मुरडतो, पण बघतो.

त्या दिवशी जेवण तयार झालं तेव्हा मामी फाटकाशी गेली. तिथे टांगलेल्या जुन्या लोखंडी रिंगवर तिने मोगरीचा असा दणका घातला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मामाने कॉम्प्रेसर बंद केला.

"आलो, आलो! बहिरा आहे का मी?" तो ओरडला आणि हात न धुताच घराकडे पळाला.